सतरा नंबरची बदली

घर सोडलं त्या सकाळी मी रोहिणीला सांगितलं, दात दाखवायला चिपळूणला जाते, संध्याकाळी येते. ती पाचवीत होती. शाळेची पिशवी खांद्याला लावून दारातूनच म्हणाली, "येताना कंपासपेटी आण. निळी." मी बरं म्हटलं. ती वळणाआड गेल्यावर दादाने माझी बॅग बाहेर काढली. माझा पासपोर्ट त्याच्याच खिशात होता.

कुवेतला जायचं हे दादाने आणि एजंटाने पडवीत बसून ठरवलं होतं. मी आत चहा गाळत होते. एजंट म्हणाला, "बाईंना एकदा विचारून घ्या." त्यावर आई म्हणाली, "तिला काय विचारायचंय? जाईल ती." रोहिणीचे वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, कोणीतरी कमवायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. विचारलं असतं तरी मी जातेच म्हटलं असतं. पण ते वाक्य सात वर्षं माझ्यासोबत राहिलंय. दुपारी सगळे बाहेर असले आणि एसी घरघरत असला, की आईचा आवाज त्यातून येतो. तिला काय विचारायचंय.

पोरीला सांगू नकोस, हेही आईनेच ठरवलं. "रडेल दोन दिवस आणि विसरेल." रोहिणी विसरली नाही. दोनदा सुट्टीवर गेले, तर दोन्ही वेळा दारात उभी राहून तिने आधी हेच विचारलं, "काय गं, दाखवून आलीस दात?"

इथे कुवेतच्या सालमिया भागात मी आप्पांसाठी आले. साहेब तेल कंपनीत इंजिनिअर, वहिनी बँकेत. आप्पा म्हणजे साहेबांचे वडील. पायातली ताकद गेलेली, हात थरथरायचा, पण डोकं लख्ख. त्याआधी ते मोठ्या मुलाकडे कॅनडात बरीच वर्षं होते आणि तिथून बर्फावरच्या हॉकीचं वेड घेऊन आले होते. पहिल्यांदा मी ती हॉकी टीव्हीवर पाहिली तेव्हा मला वाटलं भांडण चाललंय. आप्पा हसले. "भांडणच आहे. मधून मधून खेळतात."

त्यांचा आवडता खेळाडू सतरा नंबरचा. वय झालेला, पुढचे तीन दात पडलेले. आप्पा आपली कवळी काढून मला दाखवायचे, "बघ, आम्ही दोघं भाऊ."

वर्षातून एक दिवस तिथे खेळाडूंची अदलाबदल थांबते. ठरलेल्या वेळेपर्यंत कोणत्याही संघाने आपला माणूस द्यावा, दुसऱ्याचा घ्यावा, त्यानंतर नाही. आप्पा त्याला बदल्यांचा दिवस म्हणायचे. त्यांची सगळी नोकरी सरकारी, गावोगाव बदल्या झालेल्या. त्या दिवशी ते सकाळीच दाढी करून घ्यायचे, इस्त्रीचा शर्ट मागायचे, थालीपीठ सांगायचे. इथे दुपार कलली की तिथे सकाळ होते, तेव्हापासून त्यांचा टॅब वाजायला लागायचा. टिंग वाजलं की आप्पा मान उंचावायचे. "सतरा गेला का?" मला इंग्रजी येत नाही, पण त्यात फोटो यायचा, मधे बाण, बाणाच्या एका बाजूला जुनी जर्सी आणि दुसऱ्या बाजूला नवी. तेवढं मला वाचता यायचं. मी पाहून सांगायचे, "नाही आप्पा, हा दुसराच कोणी." मग ते सांगतील तसं वहीत लिहायचं, कोण कुठून कुठे. त्यांचा हात चालायचा नाही म्हणून अक्षर माझं. चौथीनंतर मी पहिल्यांदा इतकं लिहिलं ते या परक्या माणसांच्या बदल्या.

मी एकदा विचारलं, "त्यांना नको असेल जायला तर?"

"बड्यांच्या करारात लिहिलेलं असतं, विचारल्याशिवाय हलवायचं नाही. बाकीच्यांना फोन येतो आणि बॅग भरायची."

"सतराच्या करारात?"

"नाही गं. तो आपल्यातलाच."

शेवटची वेळ इथल्या रात्री अकराची. आप्पा नऊची गोळी घेऊन झोपायचे, म्हणून उरलेलं मी पाहून ठेवायचे आणि सकाळी चहाबरोबर सांगायचे.

गेल्या वर्षी ते नुकतेच हॉस्पिटलमधून घरी आले होते. घास जात नव्हता. बदल्यांच्या रात्री, ते झोपल्यावर, सतराचा फोटो आला. मधे बाण. सकाळी मी उशी सरळ करत होते तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "सतरा?"

मी म्हणाले, "आहे."

इतकं सोपं गेलं ते मला. दात दाखवायला जाते म्हणण्याइतकं. वहीतही लिहिलं, सतरा आहे.

पुढे ते मॅच बघायचे आणि शोधायचे. "दिसत नाही गं." मी सांगायचे, "पायाला लागलंय म्हणतात." दोन दिवसांनी पुन्हा विचारायचे, बरा झाला का पाय? एका दुपारी टीव्ही बंद करायला सांगून ते छताकडे बघत म्हणाले, "आमच्या ऑफिसात बदली झाली की नारळ द्यायचो. शिपाई असला तरी. गुपचूप कोणाला जाऊ द्यायचं नाही, सुनंदा." मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. मान वर केली नाही. त्यांना कळलं होतं का, ते मला आजही माहीत नाही. त्याच महिन्यात ते गेले.

त्यांचा वरखाली होणारा पलंग अम्गऱ्याच्या भंगारबाजारात गेला. गालिच्यावर त्याच्या चार चाकांचे खड्डे राहिलेत. कितीही झाडलं तरी भरत नाहीत. मी त्या खड्ड्यांवर पाय देत नाही. आप्पांनंतर मी घरकामाला राहिले. वहिनी म्हणाल्या होत्या, इथे राहायचा परवाना, इकामा, संपेपर्यंत राहा, मग बघू. मी रोहिणीला कळवलं, मे महिन्यात येते. तिची बारावी आहे.

परवा दुपारी मी आप्पांच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. टॅब तिथेच, चार्जिंगला. अचानक टिंग झालं. मग पुन्हा. मी दिवस मोजले नव्हते, त्या टॅबने मोजले होते. माझा हात घडीवरच थांबला आणि मागून, जिथे पलंग होता तिथून, स्पष्ट ऐकू आलं, सतरा गेला का?

मी मागे वळले नाही. बाहेर वहिनी फोनवर बोलत होत्या. "चपात्या छान करते. पेशंटची सवय आहे. घरात आवाज नसतो तिचा. तुझ्या सासूबाई मिरकाबला कधी येतायत? इकामा संपायच्या आत तिला तुमच्याकडे रिलीज देतो, दोन वर्षांची निश्चिंती." थोडं थांबून हसल्या. "अगं, तिला काय विचारायचंय?"

वहिनी वाईट नाहीत. माझं डोकं दुखलं तर स्वतः गोळी आणून देतात. पण त्या क्षणी दोन्ही आवाज एक झाले, आईचा आणि त्यांचा. टॅब वाजतच होता.

मी बाहेर गेले. सात वर्षांत त्यांच्या बोलण्यात मी मधे पडले नव्हते. "वहिनी," मी म्हणाले, "मला आधी विचारा."

त्यांनी फोन खाली घेतला. "अगं हो... चुकलंच माझं. बरं सांग, जाशील मिरकाबला?"

कधी कोणी विचारलंच नव्हतं, मग उत्तर कुठून असणार? मी म्हणाले, "उद्या सांगते."

सकाळी रोहिणीला फोन लावला. तिला म्हटलं, इथे दोन वर्षांचं काम मिळतंय, अजून हो म्हटलेलं नाही, तुझी फी आहे, घर आहे, मला काही सुचत नाही.

मग ती म्हणाली, "आई, हे तू मला आधी सांगतेयस?"

"हो."

"मग ये. फीचं मी कॉलेजात विचारते." आणि आवाज बदलून, "पुन्हा गेलीस तरी चालेल. पण दात दाखवायला नको जाऊस."

वहिनींना सांगितलं, मी घरी जाते. त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले, का ते मी विचारलं नाही.

दुपारी खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, नारळ आणला. आप्पांच्या खोलीत, त्या चार खड्ड्यांच्या मधे ठेवला. वही काढली, गेल्या वर्षीचं पान उघडलं, 'आहे' खोडलं. सतरा गेला, आप्पा. त्याला विचारलं नव्हतं आणि मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. नंतर नारळ फोडला आणि चटणी वाटली, थालीपिठाबरोबर.

हे सगळं त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. वही मागून घेतली, नेणार आहे. गावचं घर आता माझ्या ओळखीचं राहिलेलं नाही. कुठे काय ठेवतात तेही मला विचारावं लागतं. पण तिथे दारात कोणीतरी उभं असेल आणि पहिलाच प्रश्न विचारेल. या वेळी मला खरं सांगता येईल. निळी कंपासपेटी काल घेतली. बारावीच्या पोरीला तिचा काही उपयोग नाही.