गाडी आमची, कासरा कंपनीचा

आमच्या घरी नवी मोटार आली, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच प्रश्न विचारला. शोरूमचा माणूस उत्साहाने सांगत होता की या गाडीच्या पोटात सिमकार्ड आहे, कंपनी लांब बसून तिच्यात अपडेट पाठवते, नव्या सोयी देते, तुम्हाला कुठं जायची गरजच नाही. आबांनी टोपी मागं सरकवली.

"म्हंजी गाडी आपली अन् कासरा ह्यांच्या हातात?"

मी आणि तो शोरूमवाला, दोघंही हसलो. जन्मभर बैल हाकलेल्या माणसाला कासऱ्याशिवाय दुसरं काय सुचणार, असं मला वाटलं होतं.

वर्षभरात माझं हसू मावळलं. घरातूनच मोबाइलवर गाडीचा एसी सुरू करायची एक सोय होती. परभणीच्या मे महिन्यात तिचं मोल काय, ते परभणीकरालाच विचारावं. एका सकाळी ती नाहीशी झाली. मोफत मुदत संपली, सोय हवी असल्यास वर्गणी भरा, असा निरोप आला. यंत्र माझ्या गाडीत, वायरी माझ्या गाडीत, आणि कुणीतरी कुठूनतरी बटण दाबून ते माझ्यासाठी बंद केलेलं! मग दुसऱ्या एका अपडेटनं सीटच्या पट्ट्याची पीं-पीं इतकी वाढवली की मागच्या सीटवरचं ज्वारीचं पोतंही पट्टा लावून बसू लागलं. कस्टमर केअरशी भांडून मी घसा बसवून घेतला. "हे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि घरी चिडतात," अशी माझी ओळख बायको पाहुण्यांना करून देते. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणून आम्ही मिरवतो खरं, पण त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायला दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं.

आता गेल्या वर्षीच्या पोळ्याची गोष्ट.

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून आबांनी शेत बटईनं दिलं, बैलजोडी गावातल्याच एका शेतकऱ्याला विकली आणि ते आमच्याकडे शहरात राहायला आले. त्यानंतरचा पहिला पोळा दवाखान्यात गेला. गेल्या वर्षी मात्र त्यांनी श्रावण लागल्यापासूनच धोशा लावला होता, की पोळ्याला गावी न्यायचं म्हणजे न्यायचं. झरीच्या पुढं आमचं गाव. कारण त्यांनी सांगितलं नाही, पण एकदा ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "थोरला बैल वळखील का न्हाई, कुणास ठावं." आणि मग भाकरी तशीच ठेवून हात धुतला.

मी म्हटलं, वाटेल तेव्हा जाऊ की, त्यांच्या गोठ्यात जाऊन बघू. तर ते खवळले. "इकलेल्या जनावराच्या दावणीला जाऊ न्हाई. जनावर बिथरतं, अन् मालकाला बी बरं वाटत न्हाई." म्हणजे बघायचं तर पोळ्याच्या दिवशी, मारुतीच्या देवळाला बैल फेऱ्या घालतात तेव्हाच. चार लोकांत उभं राहून, लांबून. ती वेळ चुकली की गेलं वर्ष.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि त्यांना जेवायचं आमंत्रण द्यायचं. आमच्याकडे बैल नाहीत, तेव्हा मी ते विसरूनच गेलो होतो. त्या संध्याकाळी बायको फ्रीजमधली लोण्याची वाटी शोधत होती, एवढंच आठवतं.

सकाळी निघायला गेलो तर पडद्यावर मजकूर: अपडेट सुरू आहे, गाडी चालवू नका. आबा नवं धोतर नेसून, उपरणं खांद्यावर टाकून पुढच्या सीटवर बसलेले. तास गेला, दीड तास गेला. मी अंगणात येरझाऱ्या घालत कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आबा आतूनच म्हणाले, "तिला बी पोळा हाय आज. सणाला कुणी जुंपतंय का?"

शेवटी गाडी सुरू झाली. पण जिंतूर रोडला लागलो तर ती वीसच्या वर जाईना! कितीही पाय दाबा, वीस म्हणजे वीस. पडद्यावर इंग्रजीत लिहिलेलं, की समोरची एक सुविधा उपलब्ध नाही, म्हणून वेग मर्यादित आहे. ट्रॅक्टर पुढं गेले. एक सायकलवालाही काही अंतर आमच्या बरोबरीनं चालला आणि वर माझ्याकडे बघून हसला. आबा उन्हाकडे बघून वेळ ठरवत होते. त्यांच्या मांडीवरची मूठ आवळलेली होती, ती मला दिसत होती.

मी गाडी बाजूला घेतली आणि कस्टमर केअर लावलं, फोन स्पीकरवर. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आजच्या अपडेटमध्ये नवा नियम आला आहे. समोरचा सेन्सर झाकला गेला असेल तर गाडी आपोआप वेग कमी ठेवते."

"माझा सेन्सर कोण झाकणार?" मी ओरडलो. "घरात कुणी गाढव आहे का सेन्सर झाकायला?"

"सर, समोर कंपनीचा बिल्ला आहे ना, लोगो, त्याच्यामागे असतो तो. एकदा पाहून घ्या ना."

खाली उतरून पाहिलं. बिल्ल्यावर, त्याच्या दोन्ही बाजूंना, पार दिव्यांपर्यंत, हळद आणि लोणी. चांगलं बोटभर जाड, रात्रीच्या धुळीनं घट्ट बसलेलं. मला सगळा प्रकार कळला, आणि आपण आत्ता मोठ्यानं कुणाला गाढव म्हणालो तेही कळलं. लाजेनं मान वर करवेना.

आबा हळूहळू उतरले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बिल्ल्याकडे.

"बैलाच्या बी डोळ्यात कुणी हळद घालत न्हाई," ते म्हणाले. "मला काय मालूम, हिचा डोळा नाकावर हाय म्हून. वरीसभर वढायली बिचारी, म्हून लावलं."

मी पुसायला गेलो, तर मला बाजूला सारून त्यांनी स्वतःच्या नव्या उपरण्यानं तो बिल्ला लख्ख पुसला. दिव्यांजवळची हळद मात्र राहू दिली. गाडी साठला लागली तसे आम्ही दोघं एकदम हसायला लागलो, आणि झरीपर्यंत हसतच होतो.

पोचलो तेव्हा शेवटच्या जोड्या देवळाला फेऱ्या घालत होत्या. आमची, म्हणजे आता दुसऱ्याची, जोडी समोरून निघाली होती. पाठीवर झूल, शिंगांना गोंडे. नवा मालक कासरा धरून पुढं. आबा गर्दीच्या कडेला थांबले. लांबूनच बघायचं ठरलेलं होतं. पण बैल पाठमोरे झाले आणि त्यांना राहवलं नाही.

"हॉऽऽ लेकराऽ!"

हलगीच्या त्या गदारोळात थोरला जागच्या जागी थांबला. मालकानं कासरा ओढला, मागच्यांनी आरडाओरडा केला, पण तो हलेना. सगळं अंग तसंच ठेवून त्यानं फक्त मान वळवली. मागची सगळी मिरवणूक खोळंबली.

मालक ओरडला, "आबा, बैल इकलेत तुमी! आता तरी कासरा सोडा की!"

सगळं गाव हसलं. आबाही हसले, डोळे पुसत. पण मग एक गोष्ट त्यांनी केली. ते दोन पावलं मागं सरून देवळाच्या खांबाआड उभे राहिले, बैलाला दिसू नये असे. थोडा वेळ वाट पाहून थोरला चालायला लागला.

 परत येताना ते म्हणाले, "पुन्ना हाक मारायची न्हाई. इकलं म्हंजी इकलं."

विकल्यावरही कासरा न सोडणाऱ्या कंपनीला शिव्या द्यायला मी तोंड उघडलं होतं, पण आबांकडे पाहून ते मिटलं.

यंदा खांदेमळणीला बायकोनंच आबांच्या हाती लोण्याची वाटी दिली. त्यांनी बिल्ला सोडून बाकी सगळं माखलं आणि गाडीला जेवणाचं आमंत्रणही दिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेत पोचलो. थोरला समोरून आला तेव्हा आबांचे ओठ हलले, पण आवाज त्यांनी काढला नाही. धोतराचा सोगा घट्ट धरून उभे राहिले.

मालकानं ते पाहिलं. भर मिरवणुकीत त्यानं जोडी थांबवली, कासरा सैल सोडला आणि म्हणाला, "मारा की हाक, आबा. मी म्हनतो म्हून मारा."