आखणीच्या वेळचा आवाज

दरवर्षी गणपतीची मूर्ती सांगून ठेवायला मी रोह्याहून पेणजवळच्या जोह्याला जायचो. तिथल्या कारखान्यांत मूर्तीचे डोळे आखताना रंग फवारायचा कॉम्प्रेसर बंद करून सगळे गप्प बसायचे. मी जायचो तिथला डोळे आखणारा कारागीर मात्र कॉम्प्रेसर मुद्दाम चालू ठेवायला लावायचा. त्या घरघरीत त्याचा हात जराही हलायचा नाही, आणि कुठे कपबशी खणकली की दचकून कान दाबायचा. मला याचा मेळच लागेना.

"शांत झालं की कानात शिट्टी वाजते," तो म्हणाला. "पेणचे डॉक्टर म्हणतात, कानाकडनं आवाज कमी येतो, म्हणून मेंदूच आवाज वाढवून बसलाय. म्हंजे वाजवणारा मीच आन् ऐकणारा बी मीच? मला तर काय कळत नाय."



एकदा आखणी चालू असतानाच वीज गेली. कॉम्प्रेसर थांबला. कुंचला मूर्तीपासून लांब धरून त्याने विचारलं, "तुमाला आता काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काहीच नाय म्हंजे कसं वो असतं?"

मी डोळे मिटून पुन्हा नीट ऐकायला लागलो.