राहीबाईची स्वच्छता

राहीबाईच्या मोरीत ताट मांडून जेवावं, असं घणसोली गावातल्या तिच्या शेजारणी म्हणत. त्यात टोमणा होता, पण राहीबाईने तो कौतुक म्हणूनच घेतला. साताऱ्याकडून लग्न होऊन ती इथल्या भाड्याच्या खोलीत आली. नवरा शहाजी वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहायचा. खोली एवढीशी, पण धुळीचा कण सापडेल तर शपथ.

लेक एकच, उत्कर्षा. ती शहाणी झाली तेव्हा राहीबाईने तिला आपल्या आईची रीत शिकवली. पाळी संपली की तुरटीच्या पाण्याने आतून धुवायचं. पुढे तेवढ्याने राहीबाईचं समाधान होईना, म्हणून ती त्यात फरशी पुसायचं जंतुनाशक बूचभर ओतू लागली. पोरीची आग आग व्हायची.

"आग झाली म्हंजी घाण मरतीया," राहीबाई समजूत घालायची.

उत्कर्षा शिकली, बेलापूरला एका वकिलाकडे कामाला लागली आणि नंदकिशोरशी लग्न होऊन सानपाड्याला नांदायला गेली. तिथे तिच्या अंगावरून पांढरं जायला लागलं, वास यायला लागला, मग मधेच रक्ताचे डाग. सासरी बोलायची लाज, म्हणून ती आईकडे आली. पोरगी धुण्यात कसूर करतेय, असं राहीबाईने ठरवून टाकलं आणि रोज धुवायला लावलं. जितकं धुवावं तितकं ते परत येई.

शेवटी माहेराजवळच्या एका सोसायटीत बायकांच्या तपासणीचं शिबिर लागलं, तेव्हा उत्कर्षाने नाव दिलं. राहीबाईला वेगळाच घोर लागला. परक्या बाईपुढे लेक अशी कशी जाणार? "डॉक्टरीन म्हनंल, आईनं काय वळण लावलंय का न्हाई!" शिबिराच्या सकाळी तिने स्वतः पाणी कालवून लेकीला मोरीत धाडलं, दोनदा. तपासणीत काहीच निघालं नाही. राहीबाईने पेढे वाटले.

वर्षाच्या आत रक्त थांबेनासं झालं. मोठ्या इस्पितळात निदान झालं, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, पुढे सरकलेला. डॉक्टरीणबाई समजुतीच्या होत्या. त्यांनी सांगितलं, हा रोग एका विषाणूमुळे होतो, निव्वळ धुण्याने नाही. पण आत चांगले जंतू असतात, दह्यातल्या विरजणाच्या जातीचे. ते आंबटपणा धरून राखण करतात. औषधाच्या पाण्याने ती राखण उठते आणि विषाणूला फावतं.

"आणि शिबिराच्या आधी आतून धुतलं होतं का?" त्यांनी विचारलं. "तपासणीसाठी पेशी घेतात. त्याच धुऊन गेल्या असतील, तर रोग दिसणार कुठून?"

राहीबाईने तोंड उघडलं. तेवढ्यात उत्कर्षा म्हणाली, "मीच धुतलं होतं, मॅडम. माझ्याच मनाने."

बाहेर आल्यावर तिने आईचा हात दाबला. "सासरी काही बोलू नको हां. मीच धुतलं, एवढंच मी सांगेन. तुझं नाव निघालं तर ते तुला माझ्याजवळ बसू देणार नाहीत. मला तू पाहिजेस, आई."

त्या एका लोभापायी राहीबाई गप्प राहिली. लेकीजवळ बसायला मिळालं, हे खरं. औषधांनी केस गेले, अन्न जाईना, आणि सासरची माणसं येताजाता म्हणत, केलंस ना स्वतःच्या हाताने! उत्कर्षा खाली मान घालून ऐकायची. राहीबाई शेजारी बसून तिचे पाय चोळायची. दिवाळीआधी उत्कर्षा गेली. तिशीही पाहिली नाही.

तेराव्याला नंदकिशोरची आत्या पंगतीत मोठ्याने म्हणाली, "एवढी शिकलेली, आणि असला अडाणीपणा! जिवाला मुकली."

राहीबाई उठून उभी राहिली. "तिनं न्हाई केलं. म्या केलं. म्या तिला धुवायला लावलं. शिबिराच्या दिशी पानी म्याच कालवलं हुतं."

मग आत्याने पदर डोळ्यांना लावला, राहीबाईला जवळ घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आईच ती शेवटी. मेलेल्या लेकीवर बोल येऊ नये म्हणून बघा कसं सगळं स्वतःवर घेतेय."

"खरं सांगतिया म्या," राहीबाई ओरडली. बायकांनी तिला धरून खाली बसवलं आणि पाणी पाजलं.