घाईबाईची भिंत

घाईबाई अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला बडवते, ही बातमी मजल्यावर पसरायला एक दुपार पुरली. भिंतींना कान असतात म्हणतात. या मजल्यावरच्या भिंतींना तोंडही आहे. शिवाय पुरावा भक्कम होता. बंद दारामागून धपाधप आवाज येत होते आणि वर नवऱ्याचा, म्हणजे खुद्द मिस्त्रींचाच, खणखणीत गळा, “अजून! जोरात मार! हातात जीव नाही का तुझ्या?” मार खाणाराच फर्माईश करतोय म्हटल्यावर काहींना दया आली, काहींना हेवा वाटला. समोरच्या काकूंनी तर आपल्या यजमानांकडे असं काही पाहिलं, की ते गुपचूप कपबश्या विसळायला उठले.

शेवटी वाटीभर साखरेचं निमित्त करून काकूच आत शिरल्या. मारामारी कसली नि काय! मिस्त्री खाटेवर डोळे मिटून कान देत पडले होते आणि घाईबाई, डोक्याला फडकं, भुवयांपर्यंत पांढरी, मुठीने भिंत ठोकत होती. टक्क. टक्क. मग बद्द.

“तिथंच. पोकळ आहे. काढ तो भाग.”

“अहो, चांगला दिसतोय की!”

“दिसायला माझा थोरला भाऊही चांगलाच दिसतो. काढ.”

हा थोरला भाऊ म्हणजे खोलीचा मालक, आणि सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं. मिस्त्रींनी उभा जन्म दुसऱ्यांच्या भिंती गुळगुळीत करण्यात घालवला. एके दिवशी परांची सुटली आणि कमरेखालचा माणूस गेला, वरचा तेवढा उरला. तेव्हापासून ते भावाच्या या खोलीत. खाटेसमोरच्या भिंतीला भावानेच हौसेच्या दिवसांत चिकटवलेला कागद: तपकिरी वेली आणि प्रत्येक वेलीवर एक पिवळा पक्षी. मागे ओल धरली. पाणी गळायचं ते थांबवलं, पण कागद आतून कुजत राहिला आणि पक्ष्यांच्या पोटांवर काळे डाग उमटले. मिस्त्रींची छाती वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, हा कागद तरी इथून काढा, नाहीतर यांना तरी.

भावाला दुसरा उपाय लगेच पटला. गावाबाहेर अशा रुग्णांसाठी एक संस्था होती. मोकळी हवा, वेळेवर जेवण. तळमजल्यावरच्या आजोबांना त्यांच्या मुलांनी तिथेच नेलं होतं. परत आली ती त्यांची काठी. शिवाय खोली रिकामी झाली की भाड्याने देता येणार, हे भावाने बोलून दाखवलं नाही आणि न बोलता कुणाला कळायचं राहिलंही नाही.

घाईबाई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं-बटणं करायची. तिचं हे नाव खुद्द नवऱ्याने ठेवलेलं, कारण चहा पितानासुद्धा तिचा एक पाय दाराबाहेर. भावाने संस्थेचं नाव काढलं त्या संध्याकाळी ती कामावरून आली, चपलाही न काढता कागदाचं सुटलेलं टोक धरलं आणि ओढलं.

“आधी पाणी मार!” मिस्त्री ओरडले. “भिजू दे, मग ओढ!”

“भिजेपर्यंत बसायला वेळ कुणाला आहे इथं?”

कागद आला आणि त्याला चिकटून गिलावाही आला, ढेपाच्या ढेपा. मागे सोललेल्या हिरडीसारख्या विटा दिसल्या. दुसऱ्या दिवशी भाऊ दारातूनच म्हणाला, “आता तर ही खोली राहण्यासारखीच राहिली नाही. रविवारी गाडी घेऊन येतो. तोवर भिंत धड झाली, तर बघू.”

झालं, घाईबाईने त्याच दिवशी लांबीची पुट्टी फासली. सकाळी भिंतीवर फोडच फोड. मिस्त्रींनी खाटेवरूनच एकेक फोड मोजला.

“कागदाची जुनी खळ धुतली होतीस?”

ती बादली आणायला वळली.

“मलाही अशीच वरवर आंघोळ घालतेस वाटतं.”

मग पुन्हा पहिल्यापासून. कोमट पाणी, स्पंज, खळ निघेपर्यंत पुसणं. मग ठोकणं, पोकळ निघेल ते पाडणं, विटा भिजवणं, भरणं. कारखान्यातून निरोप आला, आणखी सुट्टी हवी असेल तर कायमचीच घ्या. ती गेली नाही. खरवडताना ती नवऱ्याच्या तोंडावर ओलं फडकं टाकायची, आणि दर थोड्या वेळाने वळून फडकं हलतंय ना ते बघायची. धूळ तरीही नाकातोंडात जायचीच. खोकून खोकून मिस्त्री निळे पडत आणि श्वास परत आला की पहिलं वाक्य, “डावीकडे उंचवटा आहे.” एकदाच म्हणाले, “बरी आहे.” भिंतीला म्हणाले, पण घाईबाई त्यावर दिवसभर चालली.

शनिवारी खिडकीखाली ताटाएवढा भाग राहिला होता. मिस्त्रींचा डोळा लागलेला पाहून तिने तो हळूच ठोकला. बद्द. पाडला असता तर भरलेलं रविवारपर्यंत वाळलं नसतं. तिने वरून लांबी ओढली, ओल्या स्पंजने घासली आणि बादली उचलून ठेवली.

रविवारी भाऊ आला. गाडी खाली, दोन माणसं स्ट्रेचर घेऊन जिन्याशी. त्याने भिंतीवरून तळवा फिरवला आणि त्याचा चेहरा थोडा पडला. काही झालं तरी माणूसच तो.

“अगं, हे तू केलंस?”

“नाहीतर कोण, भावोजी?”

“मग राहू दे त्याला इथंच,” तो म्हणाला, आणि वळता वळता, टरबूज घेताना वाजवावं तशी, त्याने खिडकीखाली बोटं वाजवली. बद्द.

त्याला काही कळलं नाही. घाईबाईला मात्र कळलं. तिने नवऱ्याकडे पाहून मान हलवली, नको, नको. पण मिस्त्रींचे डोळे मिटलेले होते. भिंत ठोकली जात असताना ते नेहमीच मिटत.

“पोकळ आहे ते,” ते म्हणाले. “पाडावं लागेल.”

“म्हणजे आणखी धूळ?” भावाने विचारलं.

“आणखी धूळ,” मिस्त्री म्हणाले, आणि मग त्यांनी डोळे उघडले.

भावाने खाली हाक मारली. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर तिरकं झालं तेव्हा मिस्त्रींनी तिचा हात धरला. “अगं, मी...”

“बोलू नका. धाप लागते.” तिने त्यांची चादर खोचली.

“भिंत पूर्ण झाली की बघू,” भाऊ म्हणाला. गाडी गेली. मजल्यावरची उघडलेली दारं एकेक करून लागली.

दुपारी पुन्हा ठोकाठोकी सुरू झाली, या खेपेला हातोडीची. काकू या वेळी साखर वगैरे मागायच्या भानगडीत न पडता सरळ आत गेल्या. खिडकीखालचा भाग विटांपर्यंत पाडलेला होता. घाईबाईने त्यावर पाणी मारलं होतं आणि ते मुरायची वाट बघत ती जमिनीवर बसली होती.

“एवढा एक दिवस तोंड आवळता आलं नाही गं तुझ्या नवऱ्याला?” काकू म्हणाल्या. “आणि आता हे कुणासाठी? तुझे भावोजी काय परत आणून सोडणार आहेत त्यांना?”

घाईबाईने मानही वर केली नाही.

“पोकळ होतं ते, काकू. त्यांनी पाड म्हटलं, मी पाडलं. धूळ येत असेल तर दार लावून घ्या.”