दाजींचा बटनाचा फोन

फोन उचलल्यावर 'हॅलो' न म्हणणारा माणूस मी एकच पाहिला. माझे दाजी. फोन वाजला की ते आधी उभे राहत. गळ्यात अडकवलेल्या काळ्या लोकरीच्या पिशवीतून फोन काढत, स्पीकर चालू करून आरशासारखा तोंडासमोर धरत, आणि समोर कोण आहे याची चौकशी न करता स्वतःचा ठावठिकाणा देत : "पिंगळीच्या वरल्या माळावर हाय. मेंढरं बसल्यात. वारं आडवं हाय. बोला." एकदा कर्ज विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीच्या मुलीचा फोन आला, तर तिलाही त्यांनी वाऱ्याची दिशा सांगितली. ती बिचारी गोंधळली आणि "सर, नंतर करते," म्हणाली. दाजींना तिचं फार कौतुक वाटलं. "लय मायाळू पोरगी. वारं आडवं हाय म्हनलं की लगेच फोन ठुला."

त्यांचं नाव ग्यानबा. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मेंढ्या राखणं त्यांच्या घराण्यात चालत आलेलं. आमच्याही घरात होतं, पण वडील परभणीला कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीला लागले आणि पुढे मी त्याच जिनिंगमध्ये हिशोब लिहायला बसलो. तेव्हापासून दाजींच्या थट्टेला आयतं गिऱ्हाईक मिळालं. "आमचं मेव्हणं भाकर खाताना बी घास मोजत्यात," असं ते पाहुण्यारावळ्यांत खुशाल सांगत. मी घास मोजत नाही. पण एखादी वस्तू घ्यायची तर तिच्या दोन्ही बाजू मांडून बघतो, हे खरं. दाजींनी इंटरनेटचा बटनाचा फोन घेतला तेव्हाही मी त्या मांडल्या.

हा फोन नवा निघाला तेव्हाची गोष्ट. दिसायला साधाच, खाली बटनं, वर काडेपेटीपेक्षा थोडा मोठा पडदा. पण त्यात इंटरनेट चाले, गाणी वाजत, समोरच्याचं तोंडही दिसे. दाजींनी एक कोकरू विकलं आणि तो आणला. मी बाजेवर बसून त्यांना चांगलं-वाईट समजावून सांगितलं. चांगलं असं, की एकदा चार्ज केला की तीन दिवस बघायला नको, आणि माळावर प्लग कुठून आणणार? दगडावर पडला तरी फुटत नाही. अंधारात लावायची बॅटरी आहे, रेडिओ आहे, आवाज असा की लांबच्या ओढ्यापर्यंत जावा. वाईट असं, की एक वाक्य लिहायला बोटं दुखतात, दहा-बारा फोटो काढले की जागा संपते, आणि उन्हात पडद्यावर स्वतःच्या मिशीखेरीज काही दिसत नाही. "थोडे आणखी पैसे घालून मोठा घ्यायचा होता," मी म्हणालो.

दाजींनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मेव्हणं, मेंढीकडून लोकर घ्यावी. तिला नांगराला कामून जुपावं?"

हे त्यांचं आवडतं वाक्य. माणसाबद्दल असो, बैलाबद्दल असो की जावयाबद्दल, ते शेवटी तिथेच येत.

त्या फोनमध्ये बोलून विचारायची सोय होती. बटन दाबायचं, प्रश्न विचारायचा, उत्तर हजर. पण फोनला दाजींची बोली कळेना. "पानी कवा पडायलंय?" असं त्यांनी दहादा विचारलं आणि दहादा भलतंच काही दिसलं. मग आरतीनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, सांगितलं, "बाबा, त्याच्याशी पुस्तकातलं बोलावं लागतंय." तेव्हापासून दाजी फोनशी पुस्तकातलं बोलू लागले. घोंगडी सावरून, घसा खाकरून, शाळेत कविता म्हणायला उभं राहिल्यासारखे : "आज परभणी जिल्ह्यात पाऊस पडणार आहे का?" एवढं शुद्ध मराठी ते आयुष्यात दुसऱ्या कुणाशी बोलले नाहीत. अक्का चुलीजवळून टोमणा मारी, "माझ्याशी एवढं नीट बोलले असते तर मी बी उत्तर दिलं असतं."

पुढे त्यांच्या गावात एकाला फसवणुकीचा फोन आला. बँकेतून बोलतोय म्हणून गोड बोलून त्याच्याकडून मेसेजमधले आकडे विचारून घेतले आणि खातं पुसून नेलं. मी दिवाळीला गेलो तेव्हा दाजींना समोर बसवून बजावलं. "दाजी, फोनवर सहा आकड्यांचा मेसेज आला तर ते आकडे फोनवर कुणालाही सांगायचे नाहीत. बँकेचा साहेब असो, पोलीस असो."

"आन तुमी इचारलं तर?"

"मी विचारलं तरी नाही. माझा आवाज काढून दुसरा कुणी बोलत असला तर? संशय आला की फोन बंद करून ठेवायचा."

मला वाटलं ते हसतील. पण ते गंभीर झाले. मेंढपाळाला ही गोष्ट नवी नव्हती. प्रत्येक कळपाची हाळी वेगळी असते. मालकानं ती विशिष्ट साद घातली की मेंढ्या मान वर करून निघतात. मेंढ्या पळवणारे ती हाळी शिकून घेतात. "आवाज चोरता येतोय, मेव्हणं," दाजी म्हणाले. "मान्सं फशी पडत्यात. मेंढरू न्हाई पडत. चोराच्या हाळीला ते मान बी वर करत न्हाई." माझा उपदेश त्यांच्या मनात असा जागेवर जाऊन बसला.

इतका पक्का बसला, की त्यापायी आरतीची नर्सिंगची जागा जायची वेळ आली.

आरतीला बारावीनंतर नर्स व्हायचं होतं. दोन जिल्हे पलीकडच्या सरकारी कॉलेजात तिचं नाव लागलं. घराण्यातली पहिलीच मुलगी. ही जागा गेली तर खाजगी कॉलेजाची फी झेपणारी नव्हती, आणि सोयरे स्थळं घेऊन दारात येऊ लागले होते. जागा पक्की करायची शेवटची तारीख आली. आधीचे दोन दिवस वेबसाइट उघडत नव्हती, त्यामुळे शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही मामा-भाची परभणीच्या एका ऑनलाइन सेंटरवर बसलो होतो. मुदत पाचपर्यंत. सगळं भरून झालं. आता फक्त फॉर्ममधल्या मोबाईलवर येणारे सहा आकडे टाकायचे होते. घरात फोन एकच, म्हणून नंबर दाजींचा दिला होता. मी निश्चिंतपणे फोन लावला.

"पिंगळीच्या वरल्या माळावर हाय. मेंढरं चरायल्यात. वारं पडलंय. बोला."

"दाजी, आत्ता मेसेज आला असेल. त्यातले सहा आकडे सांगा."

 पलीकडून सावध आवाज, "कोन बोलायलंय?"

"अहो, मी!"

"आवाज तर मेव्हण्याचाच हाय."

"मीच आहे, दाजी. आरतीच्या कॉलेजचं काम आहे!"

"आरतीचं नाव बी ठावं हाय का? लय तयारी करून आलाव."

आरतीनं फोन हिसकावून घेतला. "बाबा, मी आरती बोलायलेय! लवकर सांगा!"

"बया! पोरीचा बी आवाज काढला. दोघं जन हाव रं तुमी?"

मी त्यांना खुणेच्या गोष्टी सांगायला लागलो. त्यांच्या लग्नात घोडी उधळली होती ती आठवण दिली. ते म्हणाले, "ते सगळ्या तालुक्याला ठावं हाय." आरतीनं व्हिडिओ कॉल लावला. भर दुपारचं ऊन. दाजी डोळे बारीक करून पडद्याकडे बघत राहिले. "हितं तर माझंच तोंड दिसायलंय," ते म्हणाले. "म्हंजे आता माझं सोंग बी घेतलं का?" आणि माझ्याच शिकवणीप्रमाणे त्यांनी फोन बंद करून टाकला.

सेंटरवाला आणि रांगेतली मुलं पोट धरून हसत होती. आरती मात्र रडकुंडीला आली. "मामा, कशाला शिकवलंत तुमी त्यांना?"  मी तिला खुर्ची सोडू नको म्हणून सांगितलं आणि मोटारसायकलला किक मारली.

माळावर पोचलो तर दाजी काठीवर हनुवटी टेकून उभे. मला बघून धावतच आले. "बरं झालं आलाव! मेव्हणं, तुमचा आवाज चोरीला गेलाय!"

"दाजी, तो मीच होतो."

 त्यांनी माझ्या दंडाला हात लावून पाहिला. "खरंच तुमी? मग आदी तसं सांगायचं की."

मी सेंटरवर कळवायला माझा महागाचा फोन काढला. तो सकाळपासून वेबसाइट उघडून उघडून मेला होता. आता सगळी भिस्त त्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर. दाजींनी फोन चालू केला. बॅटरी भरलेली, रेंज पुरी. हा हिशोब मी त्या दिवशी माझ्या मनातल्या यादीत चांगल्याच्या बाजूला टाकला. जुने आकडे बाद झाले होते; नवे मागवायला हवे होते. मी खिशातल्या पावतीवर छापलेला सेंटरवाल्याचा नंबर लावला. पलीकडून आरतीचा आवाज आला.

"थांबा," दाजी म्हणाले. "तुमी समोर हाव म्हनून तुमचा इतबार धरला. तिकडं कोन हाय कशावरून?"

"दाजी, चार वाजून गेलेत!"

"वाजू द्या. पोरीच्या नावावर कुनी डाका घातला तर?" त्यांनी स्पीकर पूर्ण मोठा केला आणि फोन कळपाच्या दिशेनं धरला. "पोरी, आरती असशील तर हाळी दे."

 ती मुलगी परभणीच्या भर बाजारातल्या सेंटरमध्ये वीस-पंचवीस पोरांच्या घोळक्यात बसली होती. मग स्पीकर फाटेल असा आवाज आला : "हिर्रऽऽ या! या! या! हिर्रऽऽ!"

पांगलेल्या मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या. एक निघाली, तिच्या मागे दुसरी, आणि बघता बघता सगळा कळप धूळ उडवत त्या फोनभोवती गोळा झाला. एका कोकरानं तर पिशवीची दोरीच चाटायला घेतली. तिकडून सेंटरमधल्या टाळ्या ऐकू येत होत्या.

"आरतीच हाय," दाजी म्हणाले. "पाठव म्हनावं."

नवा मेसेज आला. चालू कॉलमध्ये मेसेज कसा उघडतात ते दोघांनाही येईना, म्हणून फोन ठेवला, मेसेज वाचला, पुन्हा लावला. आकडे दाजींना चांगले वाचता येत. त्यांनी माळावर चारी बाजूंनी नजर फिरवली. माणूस औषधाला नव्हता. तरी त्यांनी घोंगडी डोक्यावर ओढली आणि आत तोंड घालून एकेक आकडा हळूहळू सांगितला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुमी ऐकलं असलं तर इसरा."

थोड्या वेळानं आरतीचा फोन आला. ती एवढ्या जोरात ओरडली की मेंढ्या पुन्हा हलल्या. जागा पक्की झाली होती. पाचाला अजून अवकाश होता.

दाजी हसले, मान डोलावली, आणि मग दगडावर बसून घेतलं. "म्हंजे आता ती जानार?" त्यांनी विचारलं.

"हो. चार वर्षं. हॉस्टेलला राहील."

"आकडे एवढं जपून धरलं, आन सांगितलं ते पोरीला धाडायला?" ते पोरीच्या वाटेकडे बघावं तसं परभणीकडे बघत होते. मग गालातल्या गालात हसत म्हणाले, "ह्याच्यापरीस चोर बरा व्हता, मेव्हणं. पैसेच नेले असते."

दाजींना जाऊन आता वर्ष होत आलं. आरती शिकली, नोकरीला लागली, हे सगळं त्यांनी पाहिलं. पण त्यांची आठवण काढली की माझ्या डोळ्यासमोर त्या दिवशीची संध्याकाळच उभी राहते.

आम्ही कळप घेऊन घराकडे निघालो. मी गाडी ढकलत, दाजी काठी खांद्यावर आडवी टाकून. पिंगळीचं रेल्वे फाटक बंद होतं. दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या. दाजी शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "माझी लेक नर्स होनार हाय." ओळख ना पाळख. त्यानं हात जोडले. मग दाजी एसटीच्या पहिल्या खिडकीशी गेले. तिथे एका म्हातारीला सांगितलं. दुसऱ्या खिडकीत सांगितलं. कॉलेज कुठलं, किती वर्षांचं, पोरगी बारावीला कशी पास झाली, सगळं. आगगाडी गेली, फाटक उघडलं. मेंढ्या आपल्याच चालीनं रूळ ओलांडून पलीकडे निघाल्या. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. मी ओरडलो, "दाजी, मेंढ्या गेल्या पुढं!"

"जाऊ द्या, त्यांना वाट ठावी हाय," ते म्हणाले, आणि तिसऱ्या खिडकीकडे वळले.