सकाळी दहाची खूण

१४ ऑगस्ट २००३, गुरुवार. चंद्रपूर, आमच्या दवाखान्यातला मुलांचा अतिदक्षता कक्ष, सकाळचे दहा. हजर: इन्चार्ज सिस्टर म्हणून मी. व्हेंटिलेटरवर नऊ वर्षांची सुमनी, न्यूमोनिया, गाव भामरागडच्या पलीकडे. दाराबाहेर बाकावर तिची आई बुधरी. भूलतज्ज्ञ हकीम सर ऑपरेशनमध्ये. दुसरी नर्स रजेवर.

ही हजेरी मी आजवर कोणाला वाचून दाखवलेली नाही. घरीही नाही. सहा वर्षं झाली. तुम्हालाच का सांगते आहे? — माहीत नाही. सांगते आहे, एवढंच.

मी याद्या करणारी बाई. औषधांची, चादरींची, कोणाची नळी कधी बदलायची याची. वॉर्डात पोरी थट्टेनं म्हणायच्या, सिस्टरच्या यादीत नाही ते झालंच नाही. उलट बाजू कोणी बोलून दाखवत नसे, पण मानत सगळे होते — यादीत आहे म्हणजे झालंच. डॉक्टरसुद्धा.

त्या आठवड्यात झोपेचं इंजेक्शन संपलं. नागपूरहून माल आला नव्हता. सुमनी जागी झाली की घशातल्या नळीशी झटायची. हकीम सरांनी ऑपरेशन थिएटरमधलं भुलीच्या वायूचं जुनं यंत्र आणून व्हेंटिलेटरला जोडलं. श्वासाबरोबर थोडा वायू आत जायचा, पोर शांत झोपायची. खोलीत गोडसर वास राहायचा म्हणून खिडक्या उघड्या ठेवायचो. सरांनी नियम एकच घालून दिला. रोज दहाला वायू बंद करायचा, आईला आत बोलवायचं, मुलीला पूर्ण जागं करायचं. ओळखते का ते बघून तक्त्यावर खूण करायची आणि मग वायू परत सुरू. सरांनी कारणही नीट समजावलं होतं. फार वेळ अशा झोपेत राहिलेली मुलं उठताना भ्रमात जातात — नसलेलं दिसतं, आपली माणसं परकी वाटतात. दोन-चार दिवसांत ते उतरतं. पण रोज जागं केलं तर भ्रम कुठला आणि मेंदूची इजा कुठली, हे आपल्याला कळेल.

पहिल्या दिवशी, तेरा तारखेला, मी केलं. सुमनीनं आईला ओळखलं, तिचं बोट धरलं. पण पाऊण तास ती इतकी झटली की मला अंगाचा भार टाकून तिचे हात धरावे लागले. शेजारच्या खाटेवर एक बाळ निळं पडायला लागलं होतं. दोन्हीकडे मी एकटी. बाळ वाचलं — पण हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या दिवशी एकटी होते. तिसऱ्या दिवशी दुसरी नर्स परतली होती, तेव्हा कुठली सबब होती?

चौदा तारखेला मी वायू बंद केला नाही. तक्त्यावर लिहिलं: जागी केली, आईला ओळखलं. खूण. पंधराला तेच. सोळाला तेच. तिन्ही खुणा सुबक आहेत, एका ओळीत.

बुधरी बाहेरच होती. तिनं एकदा विचारलं, "बाई, आज मले बोलावलं नाई?" मी म्हटलं, झोपली आहे, झोपू दे. मान हलवून ती परत बाकावर बसली. तिला घड्याळ कळत नव्हतं — असं मला वाटत होतं. तिला सगळं कळत होतं.

सतराला सरांनी वायू बंद केला, नळी काढली. सुमनी चादरीवरून मुंग्या वेचायला लागली. मुंग्या नव्हत्या. आई जवळ गेली तशी ती भिंतीकडे सरकली आणि किंचाळली. सरांनी तक्ता पाहिला. कालपर्यंत रोज ओळखत होती, मग आज हे काय? म्हणजे रात्रीतून मेंदूत काहीतरी झालं. त्यांनी बुधरीला विचारलं, "काल तर ओळखलं होतं ना तुले?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सलाईन ठीक करत होते. सलाईन ठीकच होतं.

"बाई म्हणते तसंच," ती म्हणाली.

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. सर रागावले असते, कदाचित माझी नोकरी गेली असती. मी शेजारच्या खाटेकडे वळले. दुसऱ्या दिवशी बुधरी मुलीला घेऊन गेली. सुमनीच्या सुटीच्या कागदावर सरांनी लिहिलं: मेंदूला इजा झाल्याची शक्यता.

दोन वर्षांनी दोघी परत आल्या. भामरागडहून आलापल्ली, तिथून चंद्रपूर. सुमनी उंच झाली होती. भिंतीवरची लसीकरणाची पाटी तिनं मला न अडखळता वाचून दाखवली. भ्रमच होता तो, घरी गेल्यावर आठवड्यात उतरला होता. पण आश्रमशाळा तिला परत घेत नव्हती. मुख्याध्यापकांचं म्हणणं, असा कागद असलेल्या पोरीची वसतिगृहात जबाबदारी कोण घेणार? दोन वर्षं ती घरीच होती, गुरं राखत.

"डोस्कं बरं हाय म्हनून लिवून द्या जी," बुधरी म्हणाली. "तुमीच तर वाचवलं हिले."

सर तोवर नागपूरला गेले होते. त्यांचा फोन नंबर माझ्या टेबलाच्या काचेखाली होता. पण फोन केला असता तर त्यांनी विचारलं असतं — मग त्या खुणांचं काय? मी बुधरीला म्हटलं, डॉक्टर इथे नाहीत, दिवाळीनंतर ये. ती बरं म्हणाली. दिवाळीनंतर आली नाही. त्या वाटेनं कोणी पुन्हा पुन्हा येतं का?

सुमनी आता पंधराची असेल. सरांना पत्र लिहायचं आहे: १४, १५ आणि १६ ऑगस्टला मी मुलीला जागं केलं नव्हतं, कागद बदलून द्या. मग तो कागद घेऊन भामरागडला जायचं आहे आणि बुधरीसमोर हेच पुन्हा बोलायचं आहे. पत्राचा कागद काढून ठेवला आहे. त्यावर अजून तारीखही घातलेली नाही.