अकरा नंबरची अंगठी

उल्काताई करमरकरांना बारीक अक्षरं वाचायचा नाद होता. वनस्पतींच्या संस्थेत परागकण बघण्यात सगळी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर भिंग घरी आलं. कपबशीच्या बुडाचा शिक्का असो की भिशीला आलेल्या बायकांच्या बांगड्यांची आतली बाजू, त्यांच्या तावडीतून काही सुटायचं नाही. "काढ गं जरा, बघू दे," म्हणत त्या हात पुढे करायच्या.

जानेवारीतल्या एका सकाळी, उत्तरेतल्या त्यांच्या अलीगंजच्या घरात मेथी निवडताना जुडीतून सोन्याची अंगठी टपकन वर्तमानपत्रावर पडली.

"चौकीत देऊन ये," नवरा, जगदीश, म्हणाला.

"देऊ हो. आधी वाचू तरी द्या!"

आतल्या बाजूला हॉलमार्कचा त्रिकोण होता, शेजारी शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरांचा कोड. थोडं अंतर सोडून हाताने कोरलेलं आणखी काहीतरी होतं: J 11. कोड मोबाइलवरच्या ॲपमध्ये टाकला, तर विकास नगरच्या एका सराफाचं नाव आलं. पण J म्हणजे कोण? जया? जमुना? आणि अकरा ही तारीख, की घराचा नंबर?

मेथी फूलमतीच्या ठेल्यावरून आणली होती. भाजी चिवडताना कुणा गिऱ्हाइकाच्या बोटातून निसटली असणार, असं उल्काताईंनी धरूनच टाकलं. विचारायला गेल्या, तर ठेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. मग त्यांनी विकास नगरला रिक्षा केली.

म्हातारे सराफ म्हणाले, "मॅडम, कोड गहने का पता बताता है, पहनने वाले का नहीं." मग त्यांनी अंगठी डोळ्याशी धरली आणि हसायलाच लागले. "ये J थोड़े ही है! हॉकी की स्टिक है. मैंने ही बनाई थी. नाम पूछा तो बोली, नाम नहीं, ग्यारह लिखो. फूलमती की है, आपके अलीगंज में ठेला लगाती है."

उल्काताईंचे कान गरम झाले. जिने ती जुडी बांधली, तिचीच अंगठी असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

सराफांनी फोन लावला. फूलमती धापा टाकतच आली. दोन दिवस अंगठी शोधत मंडईतला पाला उपसून तिची नखं हिरवी झाली होती. उल्काताईंनी मूठ उघडली, तशी ती खाली बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. थंडीत बोटं आकसतात, त्यात गार पाणी, म्हणाली. कधी निसटली कळलंच नाही.

"पर ग्यारह क्यों?" उल्काताईंना राहवेना.

"हमारी जर्सी का नंबर था, दीदी. जिले की टीम में लेफ्ट आउट खेलते थे." लग्न झालं आणि खेळ सुटला. सासरी कुणाला हे ठाऊकच नव्हतं. आईची कर्णफुलं मोडून तिने ही अंगठी करून घेतली होती, आणि आकडा मुद्दाम आतल्या बाजूला कोरून घेतला होता. बाहेरून साधी दिसावी म्हणून.

पुढच्या आठवड्यात उल्काताई भाजीला गेल्या. अंगठी आता मधल्या बोटात, दोरा गुंडाळून घट्ट बसवलेली होती.

"लेफ्ट आउट म्हणजे काय करायचं असतं गं?" त्यांनी मराठीतच विचारलं, मग जीभ चावून हिंदीत.

फूलमतीने इकडे तिकडे पाहिलं. ठेल्यावरचा लांब दुधी उचलला, पदर खोचला आणि रस्त्यावरचा एक टोमॅटो दुधीच्या टोकाने अलगद डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे नेला. टोमॅटोला ओरखडाही नाही. मागे स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते.

"और एक बार," उल्काताई म्हणाल्या, आणि पिशवी खाली ठेवून वाकून बघायला लागल्या.